पूररेषेतला वाडा: विकायचा, पाडायचा की तळमजला नदीला सोडायचा?

हे प्रकरण जुन्या नाशकातलं आहे. नावं आणि गल्ली गाळलीय, नात्यांमध्येही थोडे बदल केलेत, ओळख पटू नये म्हणून. माझं काम जुन्या लाकडी आणि विटा-मातीच्या इमारतींच्या दुरुस्तीचं, त्यामुळे मी यात आधी फक्त ऑडिटसाठी, म्हणजे इमारतीची मजबुती तपासायला, गेलो होतो आणि नंतर अडकलोच म्हणा. नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना हाच पेच कधी ना कधी पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

सराफ बाजाराकडून गोदाघाटाकडे उतार लागतो त्या भागातल्या एका गल्लीतला हा वाडा. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे चौक, वर कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचा, मजला आणि त्यावर पत्र्याचा माळा. खाली तळघर पण आहे, पूर्वी धान्याला वापरायचे, आता अडगळ. भिंती बाहेरून विटांच्या, आत मातीचा भराव. साधारण १९८० नंतर कधीतरी कोणीतरी सगळ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, दिसायला घर नवं झालं पण खरी गडबड तिथूनच सुरू झाली, त्यावर पुढे येतो.

राहायला कोण, तर वरच्या मजल्यावर पंच्याहत्तरी ओलांडलेले काका, त्यांचा मुलगा, सून आणि नात. तळमजल्याला दोन जुने भाडेकरू. पुढच्या बाजूला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गोदाम आणि मागच्या दोन खोल्यांत एक आजी, एकट्या, लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथेच. भाडं अर्थातच जुन्या जमान्यातलं. उताऱ्यावर अजून काकांच्या आजोबांचं नाव, म्हणजे कागदोपत्री हिस्सेदार किती हे काकांनाच एका दमात सांगता येत नव्हतं. दोन चुलत भाऊ पुण्यात, एक बहीण मुंबईत आणि एक पुतण्या परदेशात.

इथे राहण्यातलं सुख काय ते बाहेरच्याला लगेच कळत नाही. काका पहाटे उठून पायी रामकुंडावर जाऊन येतात, सुनेच्या शिकवणीला मुलं चालत येतात, दूध, किराणा, डॉक्टर, सोनार, सगळं हाकेच्या अंतरावर. रात्री गल्लीत कोण आलं-गेलं सगळ्यांना माहीत, त्यामुळे आजी एकट्या असूनही एकट्या नाहीत. त्रास पण तितकेच खरे. गाडी लावायला पार लांब जावं लागतं, सणावाराला आणि पर्वणीला गल्ली बंद, आणि काकांना एकदा रात्री छातीत दुखलं तेव्हा ॲम्ब्युलन्स आत येईना, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी मेन रोडपर्यंत उचलून नेलं. हा प्रसंग पुढच्या प्रत्येक चर्चेत कोणी ना कोणी काढायचंच.

अडचण नेमकी काय झाली

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुरू होता, वरून पाऊस. नाशिकच्या लोकांचं पूर मोजायचं माप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी गुडघ्याला आहे की कमरेला की छातीला यावरून सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायची की नाही ते ठरतं. त्या दिवशी मारुती पूर्ण पाण्याखाली गेला. २००८ आणि २०१६ चे पूर लोकांनी पाहिलेले होते, त्यामुळे गोदामवाल्यांनी माल सकाळीच माळ्यावर चढवायला घेतला. आजींना वर काकांकडे नेलं.

पण पाणी गल्लीच्या तोंडाकडून आलंच नाही आधी. ते आलं मागच्या मोरीतून, न्हाणीघराच्या जाळीतून, बुडबुड करत. नदीची पातळी वाढली की शहराचं पाणी नदीत जायच्या ऐवजी गटारं आणि नाल्यांमधून उलटं फिरतं आणि जुन्या गावठाणात तर घरांच्या कितीतरी मोऱ्या सरळ या गटारांनाच जोडलेल्या. समोरच्या दारात वाळूची पोती रचून सगळे उभे, आणि मागून घोटाभर पाणी. मग संध्याकाळी पुढूनही आलं आणि तळमजला छातीएवढा भरला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, गाळ काढला, सगळ्यांना वाटलं संपलं. पोरांनी मोटर लावून तळघर एका दुपारीत उपसून टाकलं. हे करायचं नसतं. बाहेरची जमीन अजून पाण्याने तट्ट भरलेली असते आणि आतलं पाणी अचानक काढलं की बाहेरचा दाब एकट्या भिंतीवर येतो. थोडं थोडं, दोन-चार दिवसांत उपसायचं असतं. आठवड्याभरात मागच्या भिंतीला, जी शेजारच्या बंद वाड्याशी सामाईक आहे, पोट आलं. मी पाहिलं तेव्हा तळहात सपाट ठेवला तर भिंतीचा फुगवटा हाताला कळत होता आणि टिचकी मारली की पोकळ आवाज, म्हणजे गिलावा एकीकडे आणि भिंत एकीकडे.

इथे सिमेंटचा हिशोब येतो. माती-विटांची भिंत पाणी पिते आणि सुकते, वर चुन्याचा गिलावा असेल तर वाफ बाहेर पडत राहते. सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी आतच बसतं, खालचे दोन-तीन फूट कायम ओले, मातीचा भराव ढेपाळतो, आणि त्या ओलीवर वाळवी येते. तीन खांबांचे पाय असे झाले होते की स्क्रू-ड्रायव्हर हाताने दाबला तरी आत जात होता. वर बघावं तर तेच लाकूड दगडासारखं टणक.

त्यानंतर धोकादायक इमारतीची नोटीस आली, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते ती. आणि नोटीस आल्याबरोबर भिंतीचा प्रश्न मागे पडला आणि माणसांचा प्रश्न सुरू झाला. भाडेकरूंना वाटलं मालकानेच नोटीस आणवली, आपल्याला काढायला. मालकांना वाटलं भाडेकरू हलणारच नाहीत आणि काही झालं तर जबाबदारी आपल्यावर. आजी तर मला स्पष्ट म्हणाल्या, "भाऊ, मी इथून बाहेर पडले की परत येणार नाही, हे मला माहितीये. भिंत पडायची तर पडू दे."

कोणते पर्याय होते

पहिला, विकून गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरकडे फ्लॅट घ्यायचा. मुलाची इच्छा हीच होती. अडचण अशी की विकायला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागणार, भाडेकरूंसकट मालमत्ता घ्यायला गिऱ्हाईक पाडूनच मागणार, आणि पूररेषेचा नकाशा समोर आला की उरलेला भावही खाली. मिळालेल्या पैशातून सगळ्यांचे हिस्से वजा जाता काकांच्या वाट्याला जे येत होतं त्यात शहराच्या कडेला वन बीएचके. आणि सुनेच्या शिकवण्या बंद.

दुसरा, बिल्डरला देऊन पाडून नवीन बांधायचं. दोघे येऊन गेले. नियम असा आहे की निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं पण राहायची पातळी लाल रेषेच्या वर किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट. निळ्या रेषेच्या आत असलेल्या जुन्या अधिकृत घरांचा पुनर्विकासही याच उंचीच्या अटीवर आणि पाटबंधारे खात्याच्या ना हरकतीवर. हा वाडा दोन्ही रेषांच्या मधे बसतो. गल्ली अरुंद, ९ मीटरच्या आत, म्हणजे टीडीआरचा, दुसरीकडचा बांधकाम हक्क विकत घेऊन इथे जास्त बांधायचा, विषय संपला. भाडेकरूंना जागा द्यायची, हिस्सेदारांना द्यायची, मग बिल्डरला विकायला उरतं काय? दोघेही "बघतो, कळवतो" म्हणाले.

तिसरा पर्याय, ज्याला कोणी पर्याय म्हणत नाही पण निम्मी जुनी वस्ती त्याच्यावरच चाललीय, म्हणजे काहीच करायचं नाही. दोन टेकू, पोट आलेल्या भिंतीवर परत सिमेंट, आणि पुढचा पावसाळा देवाच्या भरवशावर.

चौथा, दुरुस्ती. पण दुरुस्ती म्हणजे होतं तसं परत करायचं, असंच सगळे धरून चालले होते. खर्च काढला तर हिस्सेदार म्हणाले पुढच्या पुरात हे सगळं परत वाहून जाणार, मग आम्ही पैसे का घालायचे. प्रश्न रास्त होता.

निर्णय जिथे फिरला

मी पूररेषेची पातळी वाड्याच्या पुढच्या खांबावर खडूने मारून दाखवली. लाल रेषा तळमजल्याच्या दाराच्या चौकटीच्या वर येत होती, कडीपाटापासून थोडीशी खाली. सून बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे नवीन बिल्डिंग झाली तरी राहायचं इथूनच वर ना? खाली पार्किंगच?

बरोबर हेच. कायदा नवीन इमारतीला जे करायला लावतो, तळमजला नदीला सोडून वर राहणं, ते जुन्या वाड्यात बहुतेक आधीच होतं. काकांचं घर जिथे आहे ती पातळी जवळजवळ सुरक्षितच आहे. प्रश्न फक्त तळमजल्याचा. आजी आणि गोदाम तिथून हलले की उरलेला वाडा दुरुस्त करणं परवडतं, कारण मग खाली असं काही ठेवायचंच नाही जे पाण्याने खराब होईल. सहा महिने विकायचं की पाडायचं यावर भांडण चाललं होतं आणि खरा प्रश्न होता की खाली कोण राहणार.

काय काय केलं

आधी टेकू. मागच्या भिंतीलगतच्या तुळयांना स्टीलचे प्रॉप, खाली जाड फळ्या, म्हणजे भिंत गेली तरी मजला वर राहील. लाकडी सांगाड्याच्या वाड्याचा हा फायदा, वजन मुख्यतः खांबांवर असतं, भिंत बदलता येते. मग रीतसर ऑडिट. ३० वर्षांच्या वरच्या इमारतीला ते तसंही कायद्याने करावं लागतंच. इमारत सी-१ मध्ये गेली तर रिकामी करून पाडायची, सी-२-ए म्हणजे रिकामी करून किंवा थोडा भाग काढून मोठी दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. आमची सी-२-ए मध्ये बसली, आणि ते लेखी दिल्यावर पाडायचा धोशा थांबला.

मग माणसं. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मी म्हणेन योग्य जागी गेला. एका रविवारी चौकात सगळ्यांसमोर टेप लावून प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातली जागा मोजली, नकाशा काढला, त्यावर काकांची आणि दोघा भाडेकरूंची सही, वकिलाकडून करारनामा. त्यात लिहिलं की दुरुस्तीसाठी जागा सोडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही. आजींना पहिल्या मजल्यावरची चौकाकडची खोली, तेवढ्याच मापाची, कायमची. ती खोली मुलाची होती, त्यावरून घरात आठ दिवस धुसफुस झाली ती वेगळी. भाडं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढतं, ते कित्येक वर्षं वाढवलंच नव्हतं, तेही ठरवून घेतलं. कागद हातात आल्यावर आजी दोन दिवसांनी स्वतःच भांडी बांधायला लागल्या.

गोदामवाल्याला मात्र हलायचंच नव्हतं. "नदी येती अन् जाती भो, धंदा कुठं नेऊ?" त्याचंही चूक नाही, तांब्या-पितळेला पाण्याने होतं काय, पुसून परत चकाचक. शेवटी ठरलं की गोदाम तिथेच, पण लाकडी कपाटं आणि कागदाचे खोके खाली नकोत, लोखंडी मांडण्या भिंतीपासून सुट्या, आणि हिशोबाच्या वह्या आणि कॉम्प्युटर माळ्यावर. नदीकाठच्या तळमजल्याला साजेसा धंदा शोधायला गेलं असतं तरी याच्यापेक्षा चांगला मिळाला नसता!

यातच लॉकडाउन आला आणि वर्ष गेलं. प्रत्यक्ष काम २०२१ च्या दसऱ्यानंतर सुरू झालं, पावसाळा संपल्यावर, कारण चुन्याला सुकायला वेळ द्यावा लागतो. पोट आलेली भिंत वरून खाली सुट्या भागांत उतरवली आणि पक्क्या विटांत चुना-सुर्खीने (चुना आणि विटांची भुकटी) परत बांधली. बाकी भिंतींचा सिमेंट गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून काढला आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या, दोन महिने. लोकांना वाटायचं काम बंद पडलंय. खांबांचे कुजलेले पाय कापून खाली नवीन सागाचा तुकडा जोडला, तळखड्याचा, म्हणजे खांबाखालचा, दगड उंच केला म्हणजे लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहील. विजेचे मीटर आणि मेन स्विच वर नेले, तळमजल्याची वायरिंग छतातून खाली सोडली आणि तिचा स्विच वेगळा. मोरीच्या पाइपला उलट पाणी न येणारा व्हॉल्व्ह बसवला. अख्ख्या कामातली ही बहुधा सगळ्यात स्वस्त गोष्ट.

तळघरावर बराच खल झाला. मुरूम टाकून भरून टाका असं बहुतेकांचं मत. माझं मत उलटं होतं. भरलेला मुरूम पुराचं पाणी धरून ठेवतो आणि जोत्याला महिनोन्‌महिने ओल देत बसतो. म्हणून ते रिकामं ठेवलं, वरची झरोक्याची जाळी मोकळी केली. पूर आला की भरू द्यायचं आणि नंतर हळूहळू उपसायचं. काका कुरकुरले पण ऐकलं.

पैशाचं म्हणाल तर अंदाजाच्या दीडपट लागले. काकांच्या ठेवी मोडल्या, गोदामवाल्याने काही रक्कम आगाऊ दिली ती भाड्यातून वळती होतेय, काकांच्या मुंबईच्या बहिणीने थोडी मदत केली. पुण्याच्या भावांनी दिले नाहीत, पण लेखी संमती दिली, आणि खरं तर तीच जास्त गरजेची होती.

पुढे काय झालं

जुलै २०२२ ला गोदेला पुन्हा मोठा पूर आला. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, मागच्या मोरीतून आलं नाही. तळघर पाऊण भरलं. गोदामात घोटाभर चिखल. मेन स्विच वर असल्यामुळे वरची वीज चालू होती, आजी टीव्हीवर आपल्याच गल्लीजवळची बातमी बघत बसल्या होत्या. तळघर चार दिवसांत टप्प्याटप्प्याने उपसलं आणि मागच्या भिंतीवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या त्या हलल्या नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. मुलगा शेवटी नोकरीच्या जवळ भाड्याने फ्लॅट घेऊन गेला, शनिवार-रविवार येतो. नात शाळेमुळे त्याच्याबरोबर. सून आठवड्याचे चार दिवस वाड्यात, शिकवण्यांसाठी. म्हणजे वाडा वाचला पण कुटुंब दोन ठिकाणी वाटलं गेलं, आणि पुढच्या पिढीत इथे कोण राहणार हे आज कोणीच सांगत नाही. ॲम्ब्युलन्सचा प्रश्न तसाच आहे, फक्त गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक घडीचं स्ट्रेचर घेऊन ठेवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

टेकू लावायला नोटिशीची वाट बघायला नको होती. पूर ओसरल्यावरचा पहिला महिना सगळ्यात धोक्याचा असतो, माती सुकताना भिंत सरकते, आणि नेमकं तेव्हाच लोक रंग-रंगोटीच्या मागे असतात. या घरात तो महिना नशिबाने निभावला.

जागा मोजून करार करायचं काम पुराशी संबंधितच नाही, ते कधीही करता येतं, २०१६ च्या पुरानंतरही करता आलं असतं. नोटीस आल्यावर मोजायला गेलं की टेप बघूनच लोक घाबरतात.

वारसांची नावं उताऱ्यावर लावायची राहिलीत ती अजून राहिलीतच. दुरुस्तीला संमतीपत्रावर भागलं, पण उद्या कर्ज काढायचं झालं किंवा खरंच पुनर्विकासाची वेळ आली तर सगळं परत तिथेच अडणार. काका हयात आहेत तोवर हे सोपं आहे, कारण कोण कुणाचं कोण हे फक्त त्यांनाच माहीत. मी दर वेळी गेलो की विषय काढतो, "हो हो, दिवाळीनंतर बघू."

विम्याचं मला वाटतं घाईत सोडलं. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा ही प्रमाणित घरविमा पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर येतो. एका एजंटने "वाडा आहे, नाही होणार" म्हटलं आणि यांनी फाइल बंद केली. दुरुस्तीचे फोटो आणि ऑडिट रिपोर्ट हातात असताना आणखी दोन ठिकाणी विचारायला हवं होतं.

आणि शेजारचा बंद वाडा. सामाईक भिंत आम्ही आमच्या बाजूने बांधली, पण पलीकडचं छप्पर गेलंय, पावसाचं पाणी सरळ भिंतीच्या माथ्यावर पडतं. मालक कुठे आहेत ते गल्लीत कुणालाच नीट ठाऊक नाही, उताऱ्यावरच्या पत्त्यावर पाठवलेली रजिस्टर पत्रं परत आली. सध्या भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री आणि वर विटा, दर जूनला सून स्वतः माळ्यावर चढून ती बदलते.